भाड्याची होडी, अनोळखी शीड

वाचकाचं पत्र: काका, आम्ही ऐरोलीला राहतो. मी आणि मिस्टरांनी मांडव्याला शिडाच्या होडीचा सुरुवातीचा कोर्स केला. होडी दोन शिडांची, चौघं आरामात बसतील अशी. आता प्रशिक्षक सोबत नसला तरी दोघं मिळून जाऊन येतो. या दिवाळीच्या सुट्टीत मुलाला (वय १२) घेऊन मॉरिशसला चाललोय. रिसॉर्टवर लेझर आणि होबी कॅट अशा छोट्या होड्या पाहुण्यांना वापरायला मिळतात असं कळलं. मला सगळ्या चालवून बघायच्या आहेत. मिस्टर म्हणतात, "आपल्याला एकाच होडीचं येतं. परदेशात जाऊन हसं कशाला करून घ्यायचं?" अनोळखी होडी घ्यावी का? घेतली तर आधी काय बघावं? आणि तिकडचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक कुठे मिळेल?

उत्तर:

ताई, घ्या. मिस्टरांनाही घ्यायला लावा. पण "सगळ्या चालवून बघायच्या" हा बेत मात्र आत्ताच आवरता घ्या. चार-पाच दिवसांच्या मुक्कामात एक होडी हाताला बसली आणि दुसरीची तोंडओळख झाली, तरी सुट्टी वसूल.

मिस्टरांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. वारा कुठून येतोय हे गालावर ओळखणं, शीड फडफडलं की दोरी आवळणं, वाऱ्यावर चढताना नागमोडी जाणं, हे मांडव्याला शिकलात ते कुठल्याही होडीत कामाला येतं. कामाला येत नाही ती हातांची सवय. तुमच्या होडीत शिडाची दोरी जिथे अडकवता त्या जागी नव्या होडीत ती नसेल. सुकाणू हलकं लागेल, नाहीतर भलतंच जड. बूम, म्हणजे शिडाच्या खालची आडवी दांडी, डोक्यावरून जायची ती कानाजवळून जाईल. आणि नेमकं जोराची झुळूक आली की हात जुन्याच जागी जातो. म्हणून अनोळखी होडीत पळवायचं कसं हे नंतर बघा, थांबवायची कशी ते आधी. गोव्यात भाड्याची ॲक्टिव्हा घेतली की आपण गल्लीतच ब्रेक दाबून बघतो ना, तसंच.

तरी होडीच्याही आधी बघायची गोष्ट आहे किनारा. तुमच्या पत्रात सगळं आहे, फक्त रिसॉर्ट बेटाच्या कुठल्या बाजूला आहे ते नाही, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा प्रश्न तोच.

आपल्याकडे पावसाळा सरला की वाऱ्याचा एक दिनक्रम लागतो. सकाळी जमिनीवरून मतलई, दुपारी समुद्रावरून वायव्येचा खारा वारा. सकाळचा वारा बाहेर नेतो, दुपारचा घरी आणतो. आपल्या कोळी बांधवांनी इंजिन येण्याआधी पिढ्यान्पिढ्या या गणितावर मासेमारी केली, आणि मांडव्याला शिकलेल्या माणसाच्या अंगातही तेच मुरतं: दुपारी वारा आपल्याला आत आणेल. मॉरिशसला हा भरवसा ठेवू नका. ते बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण २० अंशांवर, व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात आहे. वारा मुख्यतः आग्नेयेकडून, फार तर पूर्वेकडून येतो आणि दिवसभर तोच राहतो. जून ते सप्टेंबर त्याचा जोर जास्त असतो, दिवाळीच्या सुमारास तो सौम्य होत आलेला असतो. पण संध्याकाळ झाली म्हणून तो तोंड फिरवणार नाही.

आता नकाशा उघडा. रिसॉर्ट पूर्व किनाऱ्यावर असेल, बेल मारच्या बाजूला, तर वारा समुद्रावरून तुमच्याकडे येतो. होडी काढताना जरा पाणी अंगावर घ्यावं लागेल, पण काही मोडलं, काही सुटलं, तुम्ही गोंधळलात, तरी वारा होडीला वाळूकडेच ढकलेल. रिसॉर्ट पश्चिमेला असेल, फ्लिक अँ फ्लाककडे, तर तोच वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. हा वारा फसवा. माडांच्या आणि डोंगरांच्या आडोशामुळे किनाऱ्यालगत पाणी अगदी तळ्यासारखं दिसतं. वाटतं, यात काय आहे! होडी मजेत निघते. पुढे आडोसा संपला की खरा वारा सापडतो, आणि परत यायचं तर त्याच्या तोंडावर, टॅक घेत घेत (म्हणजे नाक वाऱ्यातून पलीकडे वळवत), ज्या होडीला टॅक कसा द्यायचा हे अजून कळलेलं नाही तिच्यातून. ते जमलं नाही तर तुमच्यामागे आधी प्रवाळाची रांग आणि तिच्यापलीकडे हिंदी महासागर.

म्हणून पश्चिम किनाऱ्यावर असाल तर पहिल्या दिवशी किनाऱ्याला समांतर, आडव्या वाऱ्यावर थोडं इकडे, थोडं तिकडे, एवढंच करा. वाळूवरच्या माणसाचा चेहरा ओळखू येईल इतक्या अंतरात. कंटाळवाणं वाटेल, वाटू द्या.

भरती-ओहोटीचं तुमच्या डोक्यात येणं साहजिक आहे. ऐरोलीच्या पुलावरून जाताना एका वेळी खाडी तुडुंब आणि काही तासांनी नुसता चिखल, त्यात फ्लेमिंगो, हे आपण रोज बघतो. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी चार-पाच मीटर वर-खाली होतं. मॉरिशसला हा फरक अर्ध्या मीटरच्या आसपास असतो. त्यामुळे वेळापत्रकाच्या मागे लागू नका. ओहोटीला प्रवाळ पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येतात, तेवढ्यापुरती वेळ होडीवाल्याला विचारा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रवाळाच्या रांगेतली खिंड कुठे आहे ते त्याच्याकडून बोटाने दाखवून घ्या. लाटा प्रवाळावरून पाणी सारख्या आत टाकत असतात आणि ते पाणी त्या खिंडीतून बाहेर पडतं. वारा पडलेला असला तरी तिथला प्रवाह होडीला बाहेर ओढतो. त्या बाजूला जायचंच नाही.

होडीवाला तुम्हाला विचारेल, येतं का? इथे "हो, येतं" म्हणून मोकळं होऊ नका. सांगा की दोन शिडांची होडी चालवलीय, ही कधी चालवली नाही, दहा मिनिटं सोबत या. बऱ्याच चांगल्या ठिकाणी ते स्वतःच एक फेरी मारून तुमची परीक्षा घेतात. त्याचा राग मानू नका. उलट जो काही न विचारता जॅकेट हातात देऊन होडी पाण्यात ढकलून देतो, त्याच्यापासून सावध राहा. त्याला हेही विचारा की इंजिनाची मदत-बोट आहे का, आत्ता कुठे आहे, आणि कोणी अडकलंय हे तिला कसं कळतं. मदत-बोट आहे पण ती दुपारभर पाहुण्यांना पॅरासेलिंग करवतेय, तर ती तुमच्या उपयोगाची नाही. तेव्हा ती मोकळी असेल ती वेळ विचारून त्याच वेळेला होडी काढा. मिस्टरांना हसं होण्याची भीती वाटते त्यावर औषधही हेच आहे. आधी विचारणाऱ्याला कोणी हसत नाही. मदत-बोटीच्या दोरीला बांधून परत येणाऱ्याकडे मात्र सगळा किनारा बघतो.

मग होडी. भाड्याच्या होडीवर रोज नवा माणूस बसतो आणि जाताना काय ढिलं झालं ते कोणी सांगत नाही. तेव्हा डोळ्यांनी बघून भागत नाही, प्रत्येक वस्तूला हात लावा. होडीच्या पोकळ अंगातलं पाणी काढायला मागच्या बाजूला एक बूच असतं. ते आहे का, घट्ट आहे का बघा. दुसऱ्या एका देशात मला दिलेल्या होडीला बूच नव्हतं. विचारल्यावर तिथल्या पोराने शांतपणे खिशातून काढून लावलं! सुकाणू ज्या खिळ्यांवर बसतं ते हलवून बघा, उचलल्यावर निघून येता कामा नये. दोऱ्यांवरून बोटं फिरवा, विशेषतः क्लीटमध्ये, म्हणजे दोरी पकडून ठेवणाऱ्या दातेरी खटक्यात, जिथे घासतात तिथे. क्लीटचे दात झिजलेले असतील तर दोरी धरणार नाही, आणि मीठ धरून अडकले असतील तर सोडणार नाही. यातलं दुसरं जास्त वाईट. दोरी अडकवणं आणि झटक्यात सोडणं हे वाळूवरच पाच-सहा वेळा करा. काही क्लीटमधून दोरी वर झटका देऊन सुटते, काहींतून खाली. ऐन झुळुकीत हे शोधत बसायला वेळ मिळत नाही. आधीचे ओरखडे, चिरा दिसल्या तर मोबाईलवर फोटो काढून होडीवाल्यालाही दाखवा, म्हणजे परतल्यावर वाद नको. प्रवासाच्या विम्यात पाण्यातले खेळ धरलेत का, हे मात्र निघण्याआधी घरीच वाचा.

आता तुमच्या दोन होड्यांकडे येतो.

लेझर म्हणजे सव्वाचार मीटर लांबीची, एकाच शिडाची, मुळात एका माणसाची होडी. आता तिचं अधिकृत नाव आयएलसीए आहे, पण किनाऱ्यावर सगळे लेझरच म्हणतात. १९९६ पासून ती ऑलिम्पिकमध्ये आहे. दिसायला अगदी साधी, आणि म्हणूनच माणूस फसतो. तुमच्या मांडव्याच्या होडीत तुम्ही आत बसता, हिच्यावर तुम्ही जवळजवळ वर बसता. अंग दोन वीत सरकवलं तरी होडी ते लगेच जाणवून देते. बूम फार खाली असते, टॅक घेताना मान नेहमीपेक्षा जास्त वाकवा. वारा पाठीवर घेऊन शीड एका बाजूकडून दुसरीकडे टाकताना, म्हणजे जाईब करताना, शिडाची दोरी मागच्या कोपऱ्यात अडकायची तिला खोड आहे. अडकली की शीड सोडता येत नाही आणि तुम्ही पाण्यात. बूम मध्यावर यायच्या बेतात असताना दोरीला एक चपळ झटका द्या, सुटते. पहिल्या दिवशी जाईब टाळलात तरी चालेल. वाऱ्याकडे वळून टॅकनेच दिशा बदला, थोडं लांब पडेल इतकंच. लेझरची डोलकाठी खोबणीत नुसती उभी केलेली असते आणि डॅगरबोर्ड, म्हणजे तळातून पाण्यात उतरणारी फळी, वरून नुसता खोचलेला असतो. होडी पूर्ण उलटली तर दोन्ही निसटू शकतात. दोन्हींना बांधलेली दोरी आहे का, एवढं नक्की बघा. डॅगरबोर्ड गेला तर उलटलेली होडी सरळ करायला पाय ठेवायचा कशावर?

लेझरचं शीड तीन मापांत मिळतं, खालची होडी तीच. पूर्ण शीड साधारण ७ चौरस मीटर, मधलं रेडियल पावणेसहा, सगळ्यात लहान ४.७. तुमचं वजन साठ किलोच्या आत असेल तर पूर्ण शीड मागू नका, होडीवाल्याने दिलं तरी नको म्हणा. लहान शीड मागायला संकोच वाटत असेल तर लक्षात घ्या, २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या नेहा ठाकूरने मुलींच्या गटात रौप्य मिळवलं ते याच सगळ्यात लहान शिडावर. दुसरं शीडच नसेल तर डोलकाठीभोवती शिडाचे एक-दोन वेढे गुंडाळून ते लहान करता येतं. होडीवाल्याला ते माहीत असतं, फक्त न सांगता तो करणार नाही.

होबी कॅट ही दोन अरुंद होड्या शेजारी जोडल्यासारखी, दोन नाकांची, मधे ताणलेल्या जाळीवर बसायची. सहज कलंडत नाही म्हणून नवख्यांना ती सोपी वाटते, आणि हलक्या वाऱ्यात ती सोपी आहेही. पण तिचे स्वभाव वेगळे. रिसॉर्टवर बहुधा होबी १६ किंवा होबी वेव्ह असते, कुठली ते विचारून घ्या. वेव्ह असेल तर डोळे मिटून आधी तीच घ्या. चार मीटरची, जाड प्लास्टिकची, एकच शीड आणि बूमच नाही, म्हणजे मुलाच्या डोक्याची काळजी मिटली. होबी १६ लांबीला पाच मीटर, दोन शिडांची आणि खरी वेगवान. तिला तळाला बोर्ड नसतो, त्यामुळे उथळ पाण्यात आणि वाळूवर यायला ती उत्तम, पण टॅकला आळशी. लेझरसारखं सुकाणू झटकन लोटलंत तर मधेच थांबेल आणि मागे जायला लागेल. तिला वेगात ठेवून हळूहळू वळवा, पुढचं शीड लगेच सोडू नका. ते उलट्या बाजूने वारा घेऊन नाक पलीकडे ढकलतं, मग सोडा. नाक वाऱ्यातून जाताना मोठ्या शिडाची दोरी थोडी ढिली करा. एवढं करूनही अडकलात तर घाबरू नका. होडी मागे जात असताना सुकाणू उलट धरा, ती फिरते.

आणखी एक गोष्ट होबीवाले सहसा सांगायला विसरतात. तिची दोन्ही सुकाणं वाळूला लागली की आपोआप वर उचलली जातात. निघताना ती पूर्ण खाली जाऊन खटक्यात बसली पाहिजेत. एक जरी अर्धवट राहिलं तर टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, इतका जड होतो की माणसाला वाटतं वारा वाढला, किंवा आपल्यालाच जमत नाही. हात दुखायला लागले की आधी मागे वळून सुकाणं बघा. आणि वेगात असताना पुढचं नाक पाण्यात घुसायला लागलं तर सगळ्यांनी मागे सरकायचं आणि शिडं सोडायची.

कुठल्याही होडीत पहिली पंधरा मिनिटं अशी घालवा. छातीभर पाण्याच्या पलीकडे न जाता दोरी पूर्ण सोडा आणि होडी थांबते का, किती वेळात थांबते ते बघा. परत चालवा, परत थांबवा. मग दोन्ही बाजूंना टॅक घ्या. मग मुद्दाम उलटवा. हो, मुद्दाम, होडीवाल्याला सांगून, त्याच्या देखत. अनोळखी होडी सरळ कशी होते हे आधी कळलं की पुढच्या चार दिवसांची निम्मी धास्ती जाते. लेझर उलटली तर शिडाची दोरी हातातून सोडू नका, आडवी पडलेली होडी वाऱ्याबरोबर पोहणाऱ्यापेक्षा वेगाने सरकते. होबी १६ एकट्या हलक्या माणसाला उचलत नाही, दोघं लागतात. आधी दोन्ही शिडांच्या दोऱ्या क्लीटमधून सोडायच्या, नाकं वाऱ्याकडे वळवायची, मगच होडी सरळ करायच्या दोरीला लटकायचं. उथळ लॅगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या रांगेच्या आतल्या पाण्यात, डोलकाठीचं टोक तळाला रुतलं तर जोर लावत बसू नका, मदत-बोटीला बोलवा. दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करत राहणं, ही मदतीची जगभर मान्य असलेली खूण आहे. आणि काहीही झालं तरी होडी सोडून किनाऱ्याकडे पोहत निघायचं नाही, मिस्टर कितीही पट्टीचे पोहणारे असले तरी.

किती वाऱ्यात जावं? ॲपवरचा अंदाज सकाळी बघून ठेवा, पण निघताना पाण्याकडे बघा. कुठेतरी एखाददुसरी लाट पांढरी होत असेल तर वारा १० नॉटच्या (वाऱ्याच्या वेगाचं समुद्रावरचं माप) आसपास आहे, ठीक. जिकडे बघावं तिकडे पांढरे तुरे दिसत असतील तर अनोळखी होडी काढायची ती वेळ नाही. शिडावरचा दाब वाऱ्याच्या वेगाच्या वर्गात वाढतो. १० नॉटचा वारा १५ झाला की जोर दीडपट होत नाही, सव्वादोन पट होतो. अशा दिवशी किनाऱ्यावर बसून दुसऱ्यांचे टॅक बघावेत, किंवा गावात फिरून यावं. मॉरिशसमध्ये पिढ्यान्पिढ्यांची मराठी घरं आहेत आणि दिवाळीला तिकडेही सार्वजनिक सुट्टी असते, त्यामुळे वेळ वाया जाणार नाही.

मुलाला पहिल्या फेरीला नेऊ नका. आधी तुम्ही दोघं होडी ओळखा, मग तो. त्याचं जॅकेट मोठ्यांचं नको. घातल्यावर खांद्यांना धरून वर उचला, ते कानांपर्यंत सरकलं तर माप चुकलं. रिसॉर्टवर ऑप्टिमिस्ट असेल तर त्याला एक तास प्रशिक्षकासोबत तीच द्या. मुलांसाठीच बनवलेली ती डब्यासारखी छोटी होडी आहे, त्यात तो तुमच्यापेक्षा लवकर शिकेल आणि मग तुम्हाला शिकवेल, त्याची तयारी ठेवा.

निघण्याआधी ऑक्टोबरमध्ये मांडव्याचा हंगाम सुरू झाला तर एक दिवस जाऊन या, पावसाळाभर हात सुटलेले असतात. बाकी सामान किरकोळ: लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट, जॅकेटला बांधलेली शिट्टी, आणि जाड तळाचे पाण्यातले बूट. बूट विसरू नका, तिथल्या उथळ पाण्यात समुद्री साळू असतात आणि त्यांचे काटे तळव्यात मोडले की उरलेली सुट्टी खुर्चीत जाते. कोणाला चष्मा असेल तर त्याला मागून दोरी बांधा. लॅगूनचं पाणी कितीही नितळ असलं तरी पडलेला चष्मा त्यात सापडत नाही.